व्याह्यांच्या ट्रॅक्टरचा आवाज

ट्रॅक्टर व्याह्यांकडून आला होता, म्हणून कुणी त्याचं बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही.

दुसऱ्या कुणाचा असता तर आमच्या ह्यांनी शिरपूरहून मिस्त्री नेला असता. शेतात नांगर लावून चालवून बघितला असता, चार जणांना विचारलं असतं. बैल घेताना तोंड उघडून दात बघणारा हा माणूस. पण लेक ज्या घरी दिली त्या घरच्या वस्तूत खोट काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. मुलीकडच्यांनी मान खाली ठेवायची. व्याह्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता. जुन्याला ते म्हणाले, "घरातला आहे, घरातच राहील." आणि हे म्हणाले, "मंग देखनं काय त्यामा?" झाला व्यवहार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे लेकीला आणायला असोद्याकडे तिच्या सासरी गेले. येताना लेक बसने पुढे आली आणि हे मागून ट्रॅक्टर चालवत आले, तोंडावर रुमाल बांधून, धुळीने पांढरे झालेले. तेव्हा ट्रॅक्टर अगदी गप चालत होता. म्हाताऱ्या ट्रॅक्टरला इतकं गप चालता येतं, याचंच मला नवल वाटलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय तेवढी सुटली नाही. बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. व्याह्यांसमोर तर मी लेकीच्या लग्नापासून एक शब्द बोलले नव्हते. डोक्यावर पदर, आणि विहीणबाई जे विचारतील त्याला हो किंवा नाही. तोंडातून जे निघत नाही ते मी दुपारच्याला लिहून काढते आणि धान्याच्या कोठीत ठेवून देते. तिथे कुणी हात घालत नाही.

पावसाळ्यात लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. आम्हाला ती एकच लेक. मी जुनी मऊ लुगडी काढली, धुतली, बाळासाठी दुपटी शिवायला घेतली. घरात बोलायचा विषय तेवढाच होता. ट्रॅक्टरकडे माझं लक्ष नव्हतं.

दसऱ्याला हे ट्रॅक्टर शिरपूरला नेऊन मोठ्या पाण्याने, जोराच्या फवाऱ्याने, धुऊन आले. मी कुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यानंतर कापसाच्या दिवसांत, ओट्यावर कापूस निवडत बसलेली असताना मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. पिठाच्या चक्कीचा पट्टा सरकायला लागला की ती बारीक शीळ घालते, तसा. हे फाटकापाशी येऊन डावा पाय दाबून थांबत, मी जाऊन फाटक उघडी. पाय दाबलेला असला की आवाज नाही. पाय उचलला की पुन्हा सुरू, ट्रॅक्टर जागचा हललेला नसला तरी.

जेवताना मी म्हटलं, "ट्रॅक्टर काहीतरी बोलस."

"तुन्हा कानमा बोलस," हे म्हणाले. "जुना शे तो. म्हातारं माणूस कण्हत नही का?"

पण दुसऱ्या दिवसापासून हे फाटकाच्या बाहेर, लांब निंबापाशीच इंजिन बंद करून चालत घरी यायला लागले. तेव्हा माझ्या मनात आलं, ह्यांनाही ऐकू येतं. आणि ह्यांना ते दुसऱ्या कुणाला ऐकू द्यायचं नाही. आणखी एक मनात आलं. घेताना ह्यांना माहीत होतं की काय? व्याह्यांपुढे तोंड उघडायला नको म्हणून डोळे झाकून घेतला की काय?

गावापासून काही लपत नाही. शेजारचे नाना कट्ट्यावरून ओरडले, "काय भाऊ, व्याहीनी ट्रॅक्टर दिन्हा का पिपाणी दिन्ही?"

"लगीनमा वाजाडाले कामे येई," ह्यांनी हसून उत्तर दिलं. पण घरात आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. पाण्याचा तांब्या घेतला तो तसाच खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात शिरपूरचा मिस्त्री आला. वयस्कर मुसलमान माणूस, सगळे त्याला चाचा म्हणतात. मी दाराच्या आड उभी राहून बघत होते. खरं सांगायचं तर मला त्याचाही भरवसा नव्हता. गिअरबॉक्स उघडला तर त्याला काम मिळणार. आवाज नसला तरी तो काढून दाखवील, असं मला वाटत होतं.

चाचाने ह्यांना सीटवर बसवलं. "चालू करा. न्यूट्रलमध्ये राहू द्या. क्लच सोडा."

शीळ सुरू झाली.

"दाबा."

बंद.

"सोडा. दाबा. सोडा. बस, दादा, बस, नाचवू नका त्याला."

मग त्याने लांब पेचकस घेतला. त्याचं टोक लोखंडी पेटीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. एकदा पुढे, एकदा मागे, एकदा बाजूला. मग त्याने हाताने बंद करायची खूण केली.

"क्लच दाबला की इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा," तो म्हणाला. "तेव्हा आवाज जातो, म्हणजे इंजिन साफ आहे. आणि गाडी उभी असताना येतो, म्हणजे मागच्या चाकांचाही नाही. गिअरबॉक्सात पुढचा शाफ्ट आहे, त्याची बेअरिंग रडते."

मला निदान इतकं कळलं की फाटकापाशी मी जे ऐकलं ते खोटं नव्हतं. चाचावरचा माझा अर्धा संशय तिथेच गेला.

त्याने गिअरच्या दांड्याजवळचं गोणपाट उचललं. खाली मातीचा थर होता. तो खरवडला तर एक भोक. "तेल टाकायचं झाकण कुठे आहे इथलं?"

"आला तसाच शे," हे म्हणाले. "मी कधी गोणपाट काढं नही."

पेटीच्या खालचा नट ढिला करून तेल घमेल्यात काढलं. मी पहिल्यांदाच पाहिलं, पण तेल असं नसतं एवढं मलाही कळलं. दुधाच्या चहासारखा रंग. आणि त्यात दोरे. लांब, तपकिरी, केसांसारखे दोरे. चाचाने एक चिमटीत धरून वर काढला, बोटांवर चोळला आणि हसायला लागला.

"केळी आहे हे, दादा."

"काय?"

"केळीच्या खांबाची साल. गाडी विकणारे दलाल काय करतात, गिअर ओरडायला लागले की आत लाकडाचा भुसा टाकतात, नाही तर केळीची साल टाकतात. चार-सहा महिने गाडी मुकी. घेणारा खूश. मग ते कुजलं की पुन्हा ओरड. पाणी पण गेलंय आत. कुणी दिला हा तुम्हाला? दलाल कोण?"

हे घमेल्याकडे बघत राहिले.

"सांगा ना, मी ओळखतो सगळ्यांना."

"व्याही," हे म्हणाले.

चाचाचा चेहरा असा झाला की दुसरी कुठली वेळ असती तर मला हसू आलं असतं. "अरे. मग मी काही म्हटलं नाही हो दादा. केळी काय, कुठूनही उडून येते."

चाचाने गिअरबॉक्स उघडला, बेअरिंग बदलली, आतून सगळं डिझेलने धुतलं, नवं तेल भरलं, भोकाला लोखंडी झाकण बसवलं. आवाज गेला. जुनी बेअरिंग त्याने ह्यांच्या हातात दिली. गंजलेली होती, फिरवली की खरखर करायची. ह्यांनी ती बेअरिंग आणि ते दोरे प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीत ठेवले, पोलिसांनी पुरावा ठेवावा तसे.

ट्रॅक्टर गप झाला आणि माझं डोकं बोलायला लागलं.

आखाजीच्या वेळेच्या गोष्टी हे घरी आल्यावर जशा सांगत होते, तशा एकेक आठवायला लागल्या, आणि प्रत्येकीला आता वेगळाच वास यायला लागला. निघताना विहीणबाई न विचारता म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे कधी तरास नाही दिला बरं." कुणी विचारलं होतं? जावईबापू निरोप द्यायला बाहेर आले नव्हते. बागेत गेले आहेत, असं सांगितलं होतं. खरंच गेले होते का? आणि इतका जुना ट्रॅक्टर इतका गप. मला नवल वाटलं होतं तेव्हाच समजायला हवं होतं. शेवटी लेकीपर्यंत आले. तिने दिवाळीत फोनवर विचारलं होतं, "आई, ट्रॅक्टर चांगला चालतो ना?" आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. लेकीला माहीत होतं का? माहीत असून तिने आम्हाला सांगितलं नाही का? ह्या विचाराला मी दार लावून घेई, तो खिडकीतून येई.

तरी मी ह्यांना हात जोडले. "काही बोलू नका. पोर येऊ द्या घरी. बाळंतपण होऊ द्या. मग काय बोलायचं ते बोला."

हे हो म्हणाले. आणि दोन दिवसांत जावईबापूंचा फोन आला, काही तरी बियाण्याबद्दल. बोलता बोलता हे म्हणाले, "बाकी काय जावईबापू, तुमनाकडे केळी मंडईमा नेतस का गिअरबॉक्समा भरतस?"

मी समोरून दोन्ही हात हलवत होते. तिकडून जावईबापूंनी काही तरी विचारलं. "काही नही, गंमत करी," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

गंमत म्हणे.

त्यानंतर लेकीचे फोन लहान झाले. "हो आई", "बरी आहे", "नंतर करते". मागे कुणी तरी असल्यासारखी बोलायची. मग एका सकाळी विहीणबाईंचाच फोन आला. आवाज गोड. डॉक्टर म्हणतात, प्रवास नको. बाळंतपण इथंच करू. जळगावचा दवाखाना जवळ आहे, तुम्ही काही काळजी करू नका.

मी लेकीला फोन द्या म्हटलं. तिला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले गं नक्की?"

"हेच," ती म्हणाली. "आई सांगताहेत तेच."

ती सासूला आई म्हणते. तिचं हे उत्तर मला कोऱ्या कागदासारखं वाटलं.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरोबर शे. पोर तठे ऱ्हायनी म्हणजे आपलं तोंड बंद ऱ्हाई. चोरना मनमा चांदणं." मला ते पटलं. पटलं म्हणून जास्त भीती वाटली. ट्रॅक्टर चालो न चालो. शिवलेली दुपटी ट्रंकेत घडी घालून होती आणि लेक तिकडे, ज्यांच्यावर आमचा भरवसा उरला नव्हता त्यांच्या घरात बाळंत होणार होती. तिला घरी आणायचं होतं, आणि आणायचं तर कुणी तरी जायला हवं होतं.

"मी येवाव नही," हे म्हणाले. "मन्हा तोंडमाईन काही निंघी जाई."

ते खरंच होतं. मग सातव्या महिन्याची ओटी भरायच्या निमित्ताने मी एकटी निघाले. हिरवी साडी, बांगड्या, खण, नारळ, फळं, करंज्यांचा डबा. निघताना ह्यांनी खिडकीतली पिशवी आणून साडीवर ठेवली. "हाई त्यास्ले दखाड."

ओटीच्या सामानातून गंजलेली बेअरिंग काढून दाखवायची! मी हो म्हटलं, आणि हे बाहेर गेल्यावर पिशवी चुलीमागे ठेवून दिली.

चोपड्यावरून जळगावला आणि तिथून पुढे असोद्याकडे, असा एकटीने प्रवास मी कधी केला नव्हता. पुढच्या बसमध्ये दोन्ही बाजूंना केळीचे बाग लागले आणि मी त्या बागांकडे शत्रूकडे पाहावं तसं बघत होते.

व्याह्यांकडे सगळं रीतीप्रमाणे झालं. विहीणबाईंनी पायावर पाणी घातलं, चहा दिला. लेक बरी दिसत होती, अंगाने भरली होती. पण माझ्याजवळ एकटी बसायला तिला वेळच मिळेना. ती बसली की विहीणबाई बसायच्या. ती उठली की त्या उठायच्या. लेक माझ्याकडे बघून काही म्हणू पाहते आहे का, हे मी शोधत होते, आणि मी शोधते आहे हे विहीणबाई बघत होत्या. दोघी हसून बोलत होतो. करंज्यांना खूप नावाजलं त्यांनी.

दुपारी आम्ही मागच्या अंगणात बसलो. विहीणबाई भाजीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांच्याकडे सुतळी नसते, केळीचं सोपट असतं. खांबाची वाळलेली साल. त्याची पट्टी फाडायची, पाण्यात बुडवायची, की दोरी तयार. बोलता बोलता त्या उठल्या, फवारणीच्या पंपात पाणी घातलं. पंपाला झाकण नव्हतं. त्यांनी सोपटाची एक पट्टी फाडली, हातात वळली, ओली केली आणि अंगठ्याने तोंडात गच्च दाबली. त्यांचं लक्षही तिकडे नव्हतं. बोलता बोलता आपण वाती वळतो, तसं.

मी अंगणभर नजर फिरवली. डिझेलच्या कॅनच्या तोंडाला सोपट. पाण्याच्या पिंपाला खाली भोक होतं, त्यात सोपट. घागरीखाली चुंबळ, ती सोपटाची. त्या अंगणात एकाही वस्तूला तिचं स्वतःचं झाकण नव्हतं.

मला गोणपाटाखालचं ते बिनझाकणाचं भोक आठवलं.

"काय पाहून राहिल्या, विहीणबाई?" त्यांनी विचारलं. आवाजातला गोडवा जरा कमी होता.

"काही नाही," मी म्हटलं.

विचारायला हवं होतं तेव्हाच. पण जिभेवर शब्द येईना. आणि मनाचा दुसरा भाग म्हणत होता, पंपाला सोपट लावतात म्हणून गिअरबॉक्सात भरलं नसेल कशावरून? उलट हाताशी होतं म्हणूनच भरलं असेल.

व्याही आणि जावईबापू बागेतून जेवायला आले. दोघं पाटावर बसले, लेक वाढत होती, मी आतल्या दारात पदर ओढून उभी. व्याह्यांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "विचार तुह्या विहिणीले, आमचा ट्रॅक्टर काय म्हणतो?"

तो टोमणा होता. जावईबापूंनी मान खाली घातली. लेकीचा हात भाजीच्या पळीवर थांबला. मला कळलं, ह्यांची ती गंमत ह्या घरात रोज जेवायला बसते आहे.

मी म्हटलं, "भाऊ, त्याचं तेल टाकायचं झाकण हरवलेलं होतं का?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. विहीणबाईंनी वळून बघितलं. व्याह्यांनीही बघितलं, आणि मग लगेच खाली बघितलं, कारण माझ्याशी कसं बोलायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"झाकण? कोणतं?"

"गिअरच्या दांड्यापाशी. गोणपाटाखाली."

"बाबा, ते नाही का, बागेत पडलं होतं ते," जावईबापू म्हणाले. "किती शोधलं होतं."

"हां, ते! मंग तिथं सोपट लावेल आहे ना." व्याही असं म्हणाले, जणू सोपट लावलं म्हणजे झाकणच लावलं. "दर पावसाळ्यात नवं लावतो. चांगलं गच्च. तुम्ही काढलं का ते?"

"आम्ही दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला," मी म्हटलं. "शिरपूरला. मोठ्या पाण्याने." हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. "आवाज त्यानंतरचाच आहे."

जावईबापूंनी हाताने हवेत पाण्याचा फवारा दाखवला आणि मग बोटाने खाली भोकाकडे. बोळा आत गेला, मागून पाणी गेलं.

व्याह्यांच्या हातात घास तसाच होता. "म्हणजे पाहुणे फोनवर बोलले, केळी भरतात म्हणून, ते हे?"

"हो."

"म्हणजे तुम्हाले वाटलं, आम्ही मुद्दाम भरलं. पोरगी केली त्या घरी चोराचा माल धाडला."

लेक माझ्याकडे बघत होती. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं सोपं होतं, तिच्यासाठीही बरं होतं. पण एकदा तोंड उघडलं होतं आणि ते बंद करायची युक्ती मला येत नव्हती.

"वाटलं होतं," मी म्हटलं.

व्याही उठले. अर्ध्या जेवणावरून उठून त्यांनी हात धुतला, चपला घातल्या आणि बागेकडे निघून गेले. जावईबापूही मागोमाग गेले. मी भिंतीला टेकले. वाटलं, संपलं. लेक आता काही येत नाही. तिला इथे ठेवून मी उद्या रिकाम्या हाताने बसमध्ये बसणार.

विहीणबाईंनी ताटं उचलली. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाले बोलता येते, हे मले आज कळलं."

मी पाटाशी सांडलेला भाकरीचा चुरा वेचला.

"पण खरं बोलल्या. मी बी सांगू?" त्या पाट उभा करून माझ्यासमोर बसल्या. "पाहुण्यांचा तो फोन आला, तवा आम्ही म्हटलं, हे लोक सून नेतील आन ठेवून घेतील. आधी ट्रॅक्टर वापस न्या, मंग सून न्या, असं म्हणतील. म्हणून मी नाही म्हटलं धाडायले."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरनं त रोज चालायले सांगेल आहे." असं म्हणून त्या दुसरीकडे बघायला लागल्या. लेक आत जाऊन हसत होती की रडत होती, कळलं नाही. तिचे खांदे हलत होते.

मी लेकीला ठेवून घेईन, ट्रॅक्टरसाठी! आधी मला राग आला. मग वाटलं, ज्या घराने मला ओळखलंच नाही त्याने दुसरं काय समजावं. मी तरी त्यांना कुठे ओळखलं होतं?

दिवे लावायच्या सुमाराला व्याही परतले. ओट्यावर बसून त्यांनी ह्यांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पाहुणे, धुवायच्या आधी विचारायचं नाही का?"

हे गडबडले असणार. मी काय सांगितलं, किती सांगितलं, काहीच त्यांना माहीत नाही. मग आवाज आला, "व्याही, ट्रॅक्टर देवाना पहिले तुम्हीन काही सांगं व्हतं का?"

आता पेटतं, असं मला वाटलं.

"बेअरिंग बदलली का?" व्याह्यांनी विचारलं.

"बदलली."

"आवाज?"

"गया."

"आन झाकण?"

"लोखंडी बसाडं."

"हां. लोखंडीच बरं असते." व्याह्यांनी घसा साफ केला. "उद्या गाडी करून देतो. तुमची पोर धाडतो. रस्ता खराब आहे, डायव्हरले हळू चालव म्हणून सांगतो."

माफी कुणी मागितली नाही. माफी मागणं त्या दोघांनाही जमलं नसतं. फोन ठेवून व्याही म्हणाले, "दुपारचं जेवण राहिलं आहे माझं," आणि लेक लगेच ताट करायला उठली.

सकाळी विहीणबाईंनी पिशव्या भरल्या. लेकीला गाडीत बसवताना तिच्या कमरेला उशी लावली, ती दोनदा काढून पुन्हा लावली. जावईबापू खिडकीशी उभे राहून काय काय सांगत होते.

गाव मागे पडलं तशी मी लेकीच्या कानाशी विचारलं, "सोपटच लावायचे ना गं खरंच? तू पाहिलं होतंस?"

"आई," ती म्हणाली, "तू मला न्यायला आलीस का गिअरबॉक्सची चौकशी करायला?"

"दिवाळीत दोनदा का विचारलंस मग, ट्रॅक्टर कसा चालतो म्हणून?"

"दुसरं काय विचारणार? तू फोनवर बोलतेस का काही?"

चोपडा यायच्या आत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी मात्र हिशोब लावत बसले. घमेल्यात दोरे बरेच होते. एका बोळ्याचे एवढे निघतील का? पण दर पावसाळ्यात नवा लावायचे म्हणाले, तर जुने आत पडत असतील. असतील. किंवा नसतील. मी तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि पुढे काही जोडलं नाही.

हे फाटकात उभे होते. लेकीला उतरवून घेतलं, पिशव्या घेतल्या. ती आत जाऊन आडवी झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय बोलनी तू तठे?"

"काहीच नही," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना ते पटलं नव्हतं. मी ट्रंक उघडून दुपटी काढली आणि उन्हात घालायला बाहेर गेले.